हौसेची गाडी पुण्यात सांभाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेची गाडी म्हणजे नेमकी कुठली?

जी विकून टाका असं घरचे दरवर्षी सांगतात आणि तुम्ही विकत नाही, ती. पद्मिनी असेल, जिप्सी असेल, जुनी होंडा सिटी व्हीटेक असेल, पालिओ १.६ किंवा लिनिआ टी-जेट असेल, नाहीतर वडिलांनी घेतलेली साधी मारुती ८००. किमतीचा संबंध नाही. इथली उत्तरं रस्त्यावर फिरणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. प्रदर्शनात मांडायच्या गाड्यांचं शास्त्र वेगळं आणि खिसाही वेगळा.

रोजची आणि हौसेची गाडी एकच असली तर चालेल का?

चालेल, पण सोमवारी सकाळी हिंजवडीला वेळेवर पोचायचं असेल तर घरात आणखी एक वाहन असू द्या. स्कूटरसुद्धा पुरते. गाडी पार्टची वाट बघत गॅरेजमध्ये उभी राहिली आणि दुसरं काही हाताशी नसलं, की माणूस घाईला येतो. मिळेल तो पार्ट, जमेल तसा बसवून घेतो. चांगल्या गाड्यांचं वाटोळं वयापेक्षा या घाईनंच जास्त होतं.

जुनी गाडी बघायला जाताना काय बघू?

सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर प्रश्न विचारायला सुरुवात करा, कारण थंड इंजिन जे सांगतं ते गरम इंजिन लपवतं. पहिल्या सेल्फला काय होतं, किती आवाज येतो, धूर कुठल्या रंगाचा आहे, हे बघायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल किंवा डिझेल जास्त जातंय. थंडीतल्या सकाळी थोडी पांढरी वाफ स्वाभाविक असते, पण ती दाट असेल, थांबत नसेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्या. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. तिथे पिवळट फेस असेल तर पाणी ऑइलमध्ये जात असण्याची शक्यता असते.

इंजिनाचं काम कधीही काढता येतं, रिंगा-पिस्टन मिळतात, हेड उतरवून देणारे मिस्त्री आहेत. पत्रा सडला असेल तर मात्र गाडी सोडून द्या. कार्पेट उचलून जमीन बघा, स्टेपनीची खळगी बघा, दारांच्या खालच्या कडा आणि उंबरठे बोटांनी चाचपून बघा. समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर दुप्पट वेळ द्या. वर चकचकीत रंग आणि खाली भरलेली लांबी (पत्र्यातले खळगे बुजवायचा लगदा) हा जुना खेळ आहे. पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं की लांबी कुठे जाड आहे ते कळतं.

किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पेडलचं रबर, स्टिअरिंगची घासलेली कड आणि ड्रायव्हरच्या सीटचा बसलेला फोम यांना खोटं बोलता येत नाही. कागदांत आरसीवरचा चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबराशी जुळवा, बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा, थकलेली चलनं ऑनलाइन तपासा. दुसऱ्या राज्यातली स्वस्त गाडी एनओसी, कर आणि पुन्हा नोंदणी धरून बऱ्याचदा स्वस्त राहत नाही.

गाडी घेतली. आता पहिलं काय करू?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. नवीन मालक आधी म्युझिक सिस्टीम, अलॉय आणि सीट कव्हरकडे धावतो. तो खर्च थांबवा. आधीच्या मालकानं काय केलं, काय केलं नाही, हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्यानं सांगितलं तरी ते सोडून द्या. इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, प्लग, बाहेरचे पट्टे हे सगळं एकदाच बदलून टाका. मग रबराकडे वळा: रेडिएटरचे पाइप, पेट्रोलचे पाइप, लोअर आर्मचे बुश, इंजिन माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्टचे बूट. पुण्याच्या खड्ड्यांत आणि स्पीड ब्रेकरांवर रबर लवकर हार मानतं, आणि "गाडी जुनी झाली, आवाज येणारच" असं म्हणून सोडलेले निम्मे आवाज लिंक रॉड किंवा बुशचे निघतात. शेवटी ब्रेक उघडून बघा आणि टायरचं वय तपासा.

त्यानंतर एक साधी वही करा. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कुठल्या कंपनीचा पार्ट, किती पैसे, कुणी बसवला. ॲप वापरलंत तरी हरकत नाही, पण मिस्त्रीच्या तेलकट हातात वहीच देता येते. एवढं झाल्यावर जी गाडी तुमच्या हातात येते ती खरी तुमची गाडी. पिकअप कमी वाटत होता तो पुष्कळदा इथेच परत येतो, आणि मॉडिफिकेशनचे पैसे वाचतात.

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? आणि कुठलं?

मॅन्युअलमध्ये बहुतेक आधुनिक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. त्यातला "१ वर्ष" हा भाग हौशी लोक विसरतात, कारण त्यांची गाडी वर्षात तेवढी फिरतच नाही. दुसरं असं, की कोथरूड ते डेक्कन एवढंच फिरणारी गाडी नीट तापतच नाही. इंजिनात जमलेली वाफ आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये राहतं. अशा गाडीचं ऑइल लवकर बदललेलं बरं.

ग्रेड, म्हणजे ऑइलचा पातळ-घट्टपणा, मॅन्युअलमध्ये आहे तोच. २०डब्ल्यू-५० साठी बनवलेल्या कार्बोरेटरच्या जुन्या इंजिनात महागडं ०डब्ल्यू-२० घालून काही साधत नाही, सीलमधून गळती मात्र सुरू होऊ शकते. उलट, नव्या इंजिनात "घट्ट ऑइल चांगलं" म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारेही भेटतात. दोघांनाही नमस्कार करून पुढे जा. ऑइल सोडायच्या ड्रेन बोल्टचा वायसर (वॉशर) दरवेळी नवा घाला. जुना वायसर गळतो म्हणून बोल्ट आवळत जायचं आणि एक दिवस सम्पचे, म्हणजे ऑइलच्या टाकीचे, आटे घालवायचे, ही पाच-दहा रुपयांत टळणारी गोष्ट आहे.

मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी गरम होणार नाही. काढू का?

नाही. आपल्याकडे हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. थर्मोस्टॅट इंजिन ठरलेल्या तापमानापर्यंत लवकर पोचवतो आणि तिथेच राखतो. तो काढला की इंजिन थंड राहतं, इंजेक्शनच्या गाडीचा संगणक थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि झीज वाढते. गाडी तापतेय तर त्याला कारण आहे: रेडिएटर तुंबलाय, पंखा लागत नाहीये, वॉटर पंप गेलाय, रेडिएटर कॅपचा दाब राहत नाहीये किंवा गॅस्केट उडालंय. थर्मोस्टॅटच अडकला असेल तर नवा घाला, त्याची किंमत फार नसते. आणि रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका. त्यातले क्षार आत थर धरतात. तयार कूलंट किंवा डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलेलं कॉन्सन्ट्रेट, एवढे दोनच पर्याय ठेवा.

टायमिंग बेल्ट दिसायला ठीक आहे. बदलायलाच हवा का?

हो. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा ताल जुळवणारा हा पट्टा दिसायला ठीक असतानाच तुटतो. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि हेडचं काम निघतं. मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी संपेल ते धरा. बेल्टबरोबर टेन्शनर घाला, आणि वॉटर पंप बेल्टवर चालत असेल तर तोही घाला, कारण मजुरी तीच पडते. फियाटच्या १.३ मल्टिजेटसारख्या इंजिनाला पट्ट्याऐवजी साखळी असते. तिला ठरावीक मुदत नसते, पण ऑइलची हयगय झाली की तीही खडखडते.

कंपनीचं सर्व्हिस सेंटर की गल्लीतलं गॅरेज?

वॉरंटीत असेपर्यंत कंपनीचं. नंतर माणूस बघा, पाटी नको. चांगला मिस्त्री ओळखायची माझी खूण अशी, की तो आधी गाडी चालवून बघतो आणि मग बोलतो. न चालवता, न उघडता "क्लच प्लेट गेली" म्हणणाऱ्याकडून चहा पिऊन निघून यावं. त्याच्याकडे टॉर्क रेंच (बोल्ट मोजून आवळायचा पाना) आहे का, काढलेला जुना पार्ट तो न मागता परत देतो का, हेही बघा. तुमच्याच मॉडेलच्या गाड्या त्याच्या दारात उभ्या असतील तर उत्तम.

एकाच ठिकाणी सगळी कामं होतील अशी अपेक्षा ठेवू नका. इंजिनाचा माणूस वेगळा, ऑटो इलेक्ट्रिशियन वेगळा, रेडिएटरवाला, लेथवाला आणि डेंटिंग-पेंटिंगवाला आणखी वेगळे. पुण्याचं नशीब असं की पिंपरी, भोसरी, चाकण हा पट्टाच गाड्या आणि सुटे भाग बनवण्यावर जगतो. बंद झालेल्या पार्टचं बुश लेथवर कातून देणारा किंवा वाकलेली ब्रॅकेट सरळ करून देणारा इथे शोधला की सापडतो. असे लोक जपून ठेवा. पैसे वेळेवर द्या आणि दसऱ्याला आठवणीनं जा.

पार्ट कुठे मिळतील? माझी कंपनी तर देश सोडून गेली.

सुट्या भागांची पहिली फेरी नाना पेठेत. जाताना तोंडी वर्णन नको. जुना पार्ट पिशवीत, चासी नंबर कागदावर आणि पार्ट नंबर ठाऊक असेल तर तोही. मॉडेल तेच असलं तरी वर्षागणिक भाग बदलतात, आणि "बसेल हो साहेब" या वाक्याची हमी दुकानाच्या पायरीपर्यंतच असते. ब्रेक पॅड, फिल्टर, बेअरिंग, टायमिंग किट या चार गोष्टींत लोकल माल घेऊ नका. डबा हुबेहूब असतो, आतला माल नसतो. कंपनीला भाग पुरवणाऱ्या उत्पादकाच्याच डब्यात तो भाग मिळाला तर तो बऱ्याचदा तेवढाच चांगला आणि स्वस्त पडतो.

परदेशी कंपन्यांचं जाणं-येणं पुण्यानं जवळून पाहिलंय. जनरल मोटर्सनं २०१७ मध्ये शेवरोलेची भारतातली विक्री थांबवली, तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरीला थंडावला आणि आता तो ह्युंदाईकडे आहे. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. फियाट गाड्यांची विक्रीही थांबली, रांजणगावचा कारखाना मात्र चालू राहिला. अशा गाडीच्या मालकानं इंजिनाची भावंडं शोधावीत. फियाटचं १.३ मल्टिजेट त्याच कुळातलं इंजिन म्हणून स्विफ्टमध्ये आणि इंडिका व्हिस्टातही होतं, त्यामुळे इंजिनाच्या आतल्या कामासाठी अडून राहावं लागत नाही. पार्ट नंबर जुळवणं मात्र टाळता येत नाही. खरी अडचण काचा, दिवे, बंपर, दाराचे हँडल आणि इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांची. ते स्वस्तात दिसले की लागत नसतानाही घेऊन ठेवा. माळ्यावर बंपर का, असं घरी विचारतील. त्याचं उत्तर माझ्याकडेही नाही.

घाट उतरताना ब्रेक पेडल खाली जातं. काय झालं असेल?

बहुधा ब्रेक ऑइल उकळलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ताज्या डॉट ४ ग्रेडच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल शोषलेल्याचा १५५ पर्यंत खाली येतो. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात, ते दाबले जातात आणि पेडल स्पंजासारखं लागतं. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, गाडी फिरो वा न फिरो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर पॅड तापून गुळगुळीत झालेत. दोन्हीचं मूळ एकच: उतारावर गिअरऐवजी ब्रेकवर गाडी सोडणं.

ज्या गिअरमध्ये चढाल त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा. रविवारी सिंहगडावरून खाली येताना क्लच आणि ब्रेकचा जळका वास येतो तो हे न पाळणाऱ्यांचा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर होणारे अपघात तर सगळं शहर वर्तमानपत्रात वाचतं. तिथे न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवायचा विचारही करू नका. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरत असताना इंजेक्टर इंधन बंदच करतात, त्यामुळे न्यूट्रलमध्ये उलट जास्त जळतं.

पेडल एकदा खाली गेलंच तर भराभर दाबत राहा, खालचा गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा. थांबल्यावर गाडी थंड होऊ द्या आणि पुढचा प्रवास गॅरेजपर्यंतच करा.

ई२० पेट्रोलनं माझी जुनी गाडी खराब होईल का?

एका रात्रीत नाही. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडं पडणारच. त्यात गाडीचा दोष नाही. काळजी रबराची आणि पाण्याची. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे पाइप आणि सील ई२० धरून बनवलेले आहेत. त्याआधीच्या गाड्यांत, विशेषतः कार्बोरेटरच्या, पेट्रोलचे पाइप, गॅस्केट आणि पंपाचा पडदा फुगू किंवा तडकू शकतो. हे पाइप इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे घालून घ्या आणि पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी शोध घ्या, कारण पुढचा टप्पा आगीचा आहे. इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून उभ्या राहणाऱ्या गाडीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका.

पद्मिनीवाल्यांची उन्हाळ्यातली तक्रारही इथेच सांगतो. एप्रिल-मेच्या दुपारी घाट चढताना गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, ती पेट्रोल पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ झाल्यामुळे. पंपावर ओलं फडकं टाकायचा जुना उपाय आजही चालतो. पाइप एक्झॉस्टपासून लांब बांधला तर फडकं लागणार नाही.

पावसाळ्याआधी काय करायचं?

वायपर, टायर आणि दिवे सगळेच सांगतात, म्हणून पाणी निचऱ्याचं सांगतो. पुढच्या काचेखालच्या जाळीत वर्षभर पानं साठतात. तिथली भोकं तुंबली की पावसाचं पाणी केबिनमध्ये येतं आणि कार्पेटखालून पत्रा सडवायला लागतं. दारांच्या खालच्या कडेला असलेली भोकं काडीनं मोकळी करा. सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या तपासा. बुडाखालचं गंजरोधक कोटिंग चांगलं, पण स्वच्छ धुऊन, वाळवून, सुटलेला गंज काढून मगच. ओल्या गंजावर काळा थर फासला तर तो गंज आत सुखानं वाढतो.

गाडी कुठे लावता हे याहून महत्त्वाचं. भिडे पुलाजवळ नदीपात्रात गाडी लावायची आणि खडकवासल्यातून विसर्ग वाढला की धावायचं, हा प्रकार दरवर्षी होतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं गाड्या वाहून नेल्या. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं. नदी-ओढ्याकाठी राहत असाल तर जुलै ते सप्टेंबर बेसमेंटच्या भरवशावर राहू नका.

गाडी पाण्यात बुडाली किंवा पाण्यात बंद पडली. सुरू करून बघू?

अजिबात नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढा, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा आणि टो करून न्या. पाण्यातून काढल्यावर सेल्फ मारून झालेलं नुकसान साध्या सर्वंकष पॉलिसीत बऱ्याचदा नाकारलं जातं. इंजिन संरक्षणाची जोड त्यासाठीच असते.

उंदीर वायर खातात. रामबाण उपाय?

नाही. तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, फवारे, आवाजाची यंत्रं, प्रत्येकाचा एक भक्त आहे. मला उपयोग दिसलाय तो इतकाच: गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त एका जागी न ठेवणं, आत खाण्याचा कण न ठेवणं, कचराकुंडी आणि झाडोऱ्यापासून लांब लावणं, एसीच्या हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवणं आणि दर आठवड्याला बॉनेट उघडून बघणं. वायर कुरतडलेली दिसली तर टेप गुंडाळून भागवू नका. सोल्डर करून वर आवरण चढवून घ्या.

रंग टिकवायचा कसा?

सोसायटीत पहाटे गाडी पुसणारे दादा एकाच बादलीत, एकाच फडक्यानं दहा गाड्या पुसतात. पहिल्या गाडीची धूळ दहाव्या गाडीवर घासली जाते. उन्हात दिसणारी ती गोल-गोल जाळी तिथूनच येते. त्यांना नम्रपणे सांगा की काचा पुसा, बाकी राहू द्या. महिन्याचे पैसे कमी करू नका, नाहीतर निरोप नीट पोचत नाही. धुताना आधी भरपूर पाण्यानं धूळ उतरवा, एक बादली शाम्पूची आणि एक हात धुण्याची, कापड मायक्रोफायबरचं.

पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावली की वरून चिकट थेंब पडतात, ते दोन दिवसांत धुवा. पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी, आधी भिजवून मग. दसऱ्याला हार घाला, पण झेंडूच्या हारात तार नको, दोरा हवा, आणि दुसऱ्या दिवशी उतरवा. ओल्या झेंडूचा डाग पांढऱ्या रंगावर बसतो. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचंच असेल तर काचेवर काढा. देवाला चालतं.

गाडी महिना-महिना उभी असते. काय करू?

चालवा. पार्किंगमध्ये पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं हा उपाय नाही, त्यानं बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर न्या. ते जमत नसेल तर बॅटरी मेंटेनर लावा. चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. हे आकडे मल्टिमीटरनं घरी बघता येतात. रोज सकाळी बॅटरी उतरत असेल तर बॅटरीआधी नंतर जोडलेल्या गोष्टींवर संशय घ्या: स्टिरिओ, कॅमेरा, जीपीएस. ओल्या दिवसांत हँडब्रेक ओढून महिनाभर उभी ठेवली तर लायनर ड्रमला चिकटतात, त्याऐवजी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा.

टायर अजून भरपूर आहेत, मग बदलायचे कशाला?

बाजूला डॉट अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानंच संपतो, पण हौसेच्या गाडीचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी बाजूच्या बारीक भेगा तपासा. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

स्वतःच्या हातानं किती काम करावं?

प्लग, फिल्टर, बॅटरी, बल्ब, वायपर हे कुणीही करू शकतं. ऑइल बदलणं पुढची पायरी, फक्त जुनं ऑइल गटारात ओतू नका, गॅरेजला द्या. गाडीबरोबर आलेल्या जॅकवर गाडी उचलून खाली कधीही, अगदी एक मिनिटासाठीही शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला स्टँड लागतात. फरशीवर आधी ठोकळे, मग जॅक, मग स्टँड. ब्रेक आणि स्टिअरिंगचं काम शिकायचं असेल तर आधी मिस्त्रीशेजारी बसून.

अवजारांत रिंग पाने, सॉकेट सेट, मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच एवढ्यावर पुष्कळ वर्षं निघतात. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा आणि फरशीवर पुठ्ठा टाका. तेलाच्या एका डागावर पुण्यात तीन मीटिंगा होऊ शकतात.

चेक इंजिनचा दिवा लागला. गाडी थांबवू का?

स्थिर लागला असेल तर घरी येऊन स्कॅनर लावा. लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, वेग कमी करा आणि लवकर थांबा, नाहीतर एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळेल. ऑइलचा लाल दिवा वेगळा. तो दिसताक्षणी इंजिन बंद. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर घेऊन ठेवा, पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी०१७१ सांगतो की मिश्रणात हवा जास्त आहे. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतं, घाण एअरफ्लो सेन्सर असू शकतं. कोड पुसून दिवा घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

बीएस६ डिझेलमध्ये डीपीएफचा दिवा येतो.

गाडी फक्त शहरात फिरतेय. डीपीएफ म्हणजे काजळीची गाळणी, आणि ती जळून साफ व्हायला सलग उष्णता लागते. सातारा रस्त्याला १५-२० मिनिटं एकसारख्या वेगानं, थोड्या जास्त आरपीएमवर चालवा. वरचेवर येत असेल तर तुमच्या वापराला पेट्रोल गाडी हवी होती.

मॉडिफिकेशन कायदेशीर आहे का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापदंडांपासून फारकत घेणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करणं हा वेगळा, रीतसर मार्ग. काळ्या फिल्मवर २०१२ पासून बंदी आहे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून एफसी रोडवर फिरणाऱ्यांबद्दल माझं मत इथे छापण्याजोगं नाही. चांगले ब्रेक पॅड, चांगले टायर, ताजे शॉक ॲब्सॉर्बर एवढं मूळ मापात केलं तरी गाडी ओळखू न येण्याइतकी सुधारते. जे काही कराल ते विमा कंपनीला कळवा.

१५ वर्षं झाली. भंगारात द्यावी लागेल का?

नाही. १० आणि १५ वर्षांची सरसकट भीती दिल्ली परिसरातल्या नियमांमुळे पसरली. इथे खासगी गाडीचं रीपासिंग (आरटीओत पुन्हा तपासणी) होतं आणि नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढते. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून फॉर्म २५ भरता येतो. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाचं शुल्क ५,००० रुपये झालं, २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते आणखी वाढलं. पर्यावरण कर वेगळा. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये दंड, तेव्हा तारीख वहीत लिहा. आरटीओत नेण्याआधी दिवे, हॉर्न, वायपर आणि हँडब्रेक तपासा, आणि चासी नंबरवरची घाण स्वच्छ करून न्या. पीयूसी बीएस४ (प्रदूषणाचा मापदंड) पासूनच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते.

गाडी ५० वर्षांवरची आणि मूळ स्वरूपात असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते, नंबरात "व्हीए" येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण मग रोजच्या कामाला ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. रोज चालवायची असेल तर साधं रीपासिंगच बरं.

शेवटी विकायचीच ठरली तर?

वही आणि बिलांची फाइल गाडीबरोबर द्या. चांगला गिऱ्हाईक ती बघूनच भाव करतो. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी देऊन टाकली म्हणजे सुटलो असं समजू नका. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि आरसीवर नाव बदलेपर्यंत चलनं आणि अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येते. नाव बदलल्याची ऑनलाइन नोंद स्वतः तपासा. आणि फास्टॅग काढून बंद करा, नाहीतर तळेगावच्या टोलवर नव्या मालकाचे पैसे तुमच्या खात्यातून जात राहतील.